मोठ्या भूकंपानंतरची पहिली रात्र: घरात जायचं की नाही, आणि ऐकायचं कोणाचं?

वसमतकर | १० जुलै २०२४, रात्री ९:१२

आज सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली-नांदेड-परभणी पट्ट्यात धक्का बसला. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने ४.५ नोंदवलाय. मार्चमध्येही २१ तारखेला पहाटे ४.५ चा झाला होता आणि थोड्याच वेळात मागून दुसरा, जरा लहान. मी पुण्यात, आई-अण्णा वसमतला. मांडणीवरची भांडी वाजली, पत्रे खडखडले, सगळी गल्ली रस्त्यावर. नुकसान काही नाही.

खरी गंमत दुपारनंतर. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला: 'नासाने सांगितले आहे, आज रात्री साडेअकरा ते दोन या वेळेत ८.२ चा धक्का, सर्वांनी मोकळ्या जागेत झोपावे.' नांदेडच्या मावशीने गाद्या गच्चीवर हलवल्या (गच्चीवर! म्हणजे भूकंपात अजून वरून पडायचं). अण्णा म्हणतात, किल्लारीच्या वेळी आपल्या भिंतीला काही झालं नाही, आता काय व्हायचंय, मी माझ्या पलंगावरच झोपणार.

४.५ चं सोडा. समजा खरंच मोठा झाला आणि आपण त्यातून सुखरूप बाहेर पडलो. पुढे काय? किती वेळ बाहेर राहायचं? घर धड आहे हे ओळखायचं कसं? आणि फोन बंद पडले तर खरी माहिती कुठून मिळवायची? ज्यांनी अनुभवलंय त्यांनी लिहा.

फुकटसल्ला | रात्री ९:२०

नासाला वसमत माहीत आहे हे वाचून ऊर भरून आला.

खडकफोड्या | रात्री ९:४१

भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

एक, ज्या मेसेजमध्ये भूकंपाची वेळ दिलेली असते तो खोटा. अपवाद नाही. जगात कोणालाही दिवस-वेळ सांगून भूकंप वर्तवता येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानला ७.८ चा झाला तेव्हा ग्रहांच्या स्थितीवरून भाकीत करणाऱ्या एका डच माणसाचा व्हिडिओ आपल्याकडे घरोघरी फिरला, 'आता भारताचा नंबर' म्हणून. तो नंबर काही आला नाही.

दोन, पण नंतरचे धक्के येतात हे शंभर टक्के खरं. मोठ्या धक्क्यानंतर पहिल्या दिवशी सर्वाधिक, मग झपाट्याने कमी होत जातात. दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या साधारण दशांश. ओमोरी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये हे मांडलं, अजून चालतं. फक्त यात संख्या कमी होते, प्रत्येक धक्क्याची ताकद कमी होत जाईलच असं नाही. आठवड्यानेही एखादा दणका बसू शकतो. आणि शंभरात पाचेक वेळा असं होतं की ज्याला आपण मुख्य धक्का समजलो तो पूर्वसूचनाच निघतो आणि त्याहून मोठा मागून येतो.

तीन, 'छोटे धक्के बसले की ताण निघून जातो, बरंच झालं' हे पारावरचं शास्त्र. रिश्टरवर एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट. म्हणजे एका ६ च्या भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला ४ चे हजार धक्के लागतील. बसा मोजत.

अतिशहाणी | रात्री ९:५५

मुळात भूकंप चालू असताना काय करायचं ते आधी ठरवा ना. टेबलाखाली जाऊ नका, पलंगाच्या शेजारी त्रिकोणी जागेत झोपा असं एक फॉरवर्ड वाचलंय. ते बरोबर आहे का?

कॉलमवाला | रात्री १०:०३

नाही. तो त्रिकोण सोडून द्या. काँक्रीटच्या इमारतीत असाल तर खाली बसा, डोकं झाका, मजबूत टेबल असेल तर त्याच्याखाली जाऊन टेबलाचा पाय धरून ठेवा. जिन्याकडे धावू नका, लिफ्ट तर नकोच.

लोहाऱ्याचा | रात्री १०:२६

@कॉलमवाला, तुमचं टेबल पुण्याच्या फ्लॅटमध्ये ठीक. आमच्याकडे १९९३ ला टेबल कुणाकडे होतं?

सास्तूरपासून जवळचं गाव आमचं. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ चा. बाहेरच्यांना वाटतं सहाचा भूकंप म्हणजे काय एवढं. पण आमची माळवदं पाहिली होती का? दगड-मातीच्या दोन-तीन फुटी भिंती, वर लाकडी सऱ्यांवर फळ्या आणि त्यावर पांढरी माती. पावसाळ्याआधी दर वेळी नवी पांढरी टाकायची, जुनी काढायची नाही. बापजाद्यांपासूनचे थर. भिंत आतल्या अंगाला ढासळली की वरून सगळी माती एकदम खाली. कित्येक जण मार लागून नाही, मातीत गुदमरून गेले. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास, काही नोंदींत दहा हजारांच्या घरात. आणि गावकुसाबाहेर कुडाच्या, पत्र्याच्या घरात राहणारे वाचले. ज्याचा वाडा मोठा तो पहिला गेला.

तेव्हा अशा घरात दाराजवळ असाल तर बाहेरच पळा. इथे टेबल-बिबल नाही.

आता वसमतकरांच्या प्रश्नाचं. आम्ही आखाड्यावर गेलो, म्हणजे शेतातल्या शेडवर. त्यात पाऊस. ढिगाऱ्याचा चिखल झाला, उकरायला जड. आणि माहितीचं म्हणाल तर शेजारच्या आखाड्यावर सेलचा रेडिओ होता, बातम्यांच्या वेळेला भोवती पन्नास माणसं. त्या रेडिओवरूनच कळलं की किल्लारी गेली. तोवर आम्हाला वाटत होतं आपलंच गाव बसलं.

अजून एक, कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. दुसऱ्या दिवसापासून बघ्यांच्या जीपा. लातूर, सोलापूर, कुठून कुठून लोक बघायला. रस्ता जाम. जखमी न्यायच्या गाड्या त्या गर्दीत अडकल्या. लष्कराचे जवान काम करायचे का यांना हटवायचं? मोठा भूकंप झाला आणि तुमचं गाव लांब असेल तर घरी बसा. ही पण मदतच आहे.

अतिशहाणी | रात्री १०:३४

काटा आला अंगावर.

पाटणचा पाहुणा | रात्री १०:५०

आम्ही कोयनेकाठचे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारनंतर. कोयनानगर भुईसपाट, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, मुंबईची वीज गेली. धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले होते, नंतर मजबुतीकरण केलं. तेव्हापासून आजतागायत धक्के चालूच आहेत. तीनचा बसला तर आम्ही कपातला चहा सांडला का एवढंच बघतो.

पण हीच सवय घातक. आमच्या गल्लीत एकालाही गॅसचा रेग्युलेटर बंद करायचं सुचत नाही. सरावलेला माणूस नवख्यापेक्षा जास्त बेसावध, हे माझं स्पष्ट मत.

तलासरीची | रात्री ११:०८

पाटणवाल्यांशी सहमत नाही. आमच्याकडे नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्क्यांची माळ लागली होती. धुंदलवाडी भागात तर एका रात्रीत किती वेळा उठायचं? सवय होत नाही, झोप उडते. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक लहान मुलगी घाबरून पळताना पडली आणि दगावली. भूकंपाने नाही, पळापळीने.

तंबू दिले होते. थंडीचे दिवस, दव पडायचं, लहान मुलं खोकून बेजार. बाहेर झोपा म्हणणं सोपं असतं. बायकांनी रात्री जायचं कुठे, बाळंतिणीने काय करायचं, घरातलं किडुकमिडुक कोणी उचललं तर? या प्रश्नांमुळेच लोक तडा गेलेल्या घरात परत जातात, अडाणीपणामुळे नाही. वाडीवर तंबू एकत्र ठोकले आणि आळीपाळीने जागे राहिले तिथे लोक टिकले. ज्याने त्याने आपापल्या अंगणात ठोकला ते दोन रात्रींत घरात.

कॉलमवाला | रात्री ११:३०

वरचा प्रतिसाद धाग्यात सर्वोत्तम.

घर धड आहे का, यावर माझं. पहिली पाहणी बाहेरून, उजेडात. इमारत कलली आहे का, तळमजल्याचे खांब सरळ आहेत का. मग आतून:

खांब-बीमच्या चौकटीवर उभ्या इमारतीत विटांची भिंत आणि बीम यांच्या सांध्यावर सरळ बारीक रेघ दिसली तर बहुतेक वेळा प्लास्टरचं दुखणं असतं. भिंतीवर फुलीसारखे तिरके तडे म्हणजे भिंतीने मार खाल्लाय, तिच्याजवळ झोपू नका. पण खांबाला तिरका तडा, काँक्रीटचं कवच उडून सळ्या दिसणं, खांब-बीमच्या जोडावर भेगा, यांपैकी एक जरी दिसलं तरी बाहेर, आणि अभियंत्याने लेखी दिल्याशिवाय आत नाही. 'पाच मिनिटांत कपाटातलं सोनं घेऊन येतो' हे पण नाही.

खाली नुसतं पार्किंग आणि वर भिंतींचे मजले अशा इमारतींवर विशेष नजर ठेवा. २६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छमध्ये, आणि अहमदाबादेत एवढ्या लांब अशाच इमारती खाली बसल्या.

दगड-मातीच्या घराला मात्र हा नियम नाही. त्याची भिंत फुगली असेल किंवा कोपरा सुटला असेल तर पुढच्या लहान धक्क्यालाही ती येते. अण्णांचं घर कसलं आहे?

वसमतकर | रात्री ११:४२

पुढच्या दोन खोल्या विटांच्या, स्लॅबच्या. मागचं जुनं दगडी, वर पत्रा आणि पत्र्यावर दगड ठेवलेले. अण्णांचा पलंग अर्थातच मागे.

फुकटसल्ला | रात्री ११:४४

अर्थातच.

कॉलमवाला | रात्री ११:४७

पत्र्यावरचे दगड उद्या उतरवा आणि पत्रा जे-हुकने आवळून घ्या. पलंग पुढे. भूकंप होवो न होवो.

सायतामाकाकू | ११ जुलै २०२४, पहाटे ४:१५

नमस्कार मंडळी. जपानात संसार होऊन बरीच वर्षं झाली. ११ मार्च २०११ ला टोकियोत ऑफिसात होते, दुपारी पावणेतीनला. लाटांचं तांडव ईशान्येला झालं, आमच्याकडे इमारती बोटीसारख्या डुलल्या पण उभ्या राहिल्या. लोकल बंद. लाखो माणसं रस्त्याने चालत घरी निघाली. मीही निघाले, मध्यरात्र उलटून गेली पोचायला. वाटेत एका दुकानदाराने दारात खडूने पाटी लिहिली होती, 'स्वच्छतागृह वापरा, पाणी घ्या'. दुसरी रांग हिरव्या सार्वजनिक फोनसमोर. मोबाइलवर आवाज जात नव्हता, पण ते डबे चालू होते.

इथे १७१ म्हणून एक सेवा आहे. त्यावर आपल्या घरच्या नंबरापुढे आवाजी निरोप ठेवायचा, नातेवाइकाने तोच नंबर लावून ऐकायचा. कोणाला पन्नास वेळा फोन करत बसायचं नाही. आपल्याकडे अशी सोय नाही, पण घरातल्यांनी लांबच्या गावचा एक माणूस ठरवून ठेवता येतो. सगळ्यांनी त्याला एक एसएमएस करायचा, बाकीच्यांनी त्याच्याकडूनच कळून घ्यायचं. कॉल लागत नाही तेव्हाही एसएमएस हळूहळू सुटतो.

अफवांचं म्हणाल तर शिस्तीच्या देशातही तेच. चिबाला तेलशुद्धीकरण कारखान्याला आग लागली आणि लगेच साखळी-मेल सुरू: विषारी पाऊस पडणार, छत्री घेतल्याशिवाय निघू नका. कंपनीने खुलासा केला तरी लोक पाठवतच होते. २०१६ मध्ये कुमामोतोला तर 'प्राणिसंग्रहालयातून सिंह सुटला' म्हणून एकाने रस्त्यावरच्या सिंहाचा फोटो टाकला. पोलिसांनी नंतर त्याला अटक केली.

पण कुमामोतो आठवलं की सिंहाआधी दुसरीच गोष्ट आठवते. १४ एप्रिलच्या रात्री मोठा धक्का बसला. लोक बाहेर पडले, रात्र काढली, सगळ्यांना वाटलं संपलं, बरेच जण घरी परतले. १६ तारखेला रात्री दीड वाजायच्या सुमाराला त्याहून मोठा आला, जपानी मापनात ७.३. घरात परतलेले गेले. खडकफोड्यांनी शंभरात पाच म्हटलंय ना, ते पाच हे. त्यानंतर इथल्या हवामान खात्याने पहिल्या धक्क्यानंतर 'यापुढचे लहानच असतील' अशा अर्थाचं बोलणं सोडलं. आता सांगतात, साधारण आठवडाभर तेवढ्याच जोराचा धक्का गृहीत धरा.

म्हणून वसमतकर, 'किती वेळ' याचं माझं उत्तर: घर शाबूत असलं तरी पहिली दोन-तीन रात्री जुन्या भागात नाही. घर खात्रीचं नसेल तर तपासणी होईपर्यंत नाही.

गोळीबंद डॉक्टर | सकाळी ७:०२

काकू, त्याच कुमामोतोत लोक आठवडेच्या आठवडे गाडीत झोपले आणि काहींच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, त्यात मृत्यूही झाले. गाडीत झोपायची वेळ आली तर दर दोन-तीन तासांनी उतरून चाला, पाणी प्या. बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात, तिथेच घोळ होतो. तलासरीच्या ताईंचा मुद्दा वैद्यकीयसुद्धा आहे.

ढिगाऱ्याखाली कोणाचा पाय-मांडी तासन् तास दबलेली असेल तर दगड उचलून खसकन ओढू नका. दबलेल्या स्नायूतली द्रव्यं एकदम रक्तात येतात, हृदय बंद पडू शकतं, मूत्रपिंडं जातात. १०८ ला कळवा, वैद्यकीय मदत पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहा. पहिल्या काही मिनिटांतच दबलेला हात-पाय मोकळा करता आला तर मात्र वाट पाहू नका. आणि सुरुवातीच्या तासांत वाचवणारे बहुतेक शेजारीच असतात. पथक पोचायला वेळ लागतोच.

बीपी, साखर, थायरॉइडच्या आठवडाभराच्या गोळ्या दाराजवळच्या पिशवीत हव्यात. इन्शुलिनवाल्यांनी थंड ठेवायची सोय बघा. आणि चपला! पलंगाखाली चपला ठेवा. काचेवर पाय कापून घेणारे फार भेटतात.

अतिशहाणी | सकाळी ८:३०

सरकारी माहिती नक्की कुठे बघायची ते कोणीच सांगितलं नाही. आणि धाग्याचा जपान झालाय.

खडकफोड्या | सकाळी ९:१०

सांगतो. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं 'भूकंप' (BhooKamp) अॅप आणि संकेतस्थळ. त्यावर आधी आपोआप काढलेला आकडा येतो, मग दुरुस्त होतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा आकडा ०.२-०.३ ने वेगळा असतो. लगेच 'सरकार लपवतंय' ओरडू नका, दोघांची यंत्रं आणि पद्धत वेगळी. खोली '१० किमी' दिसली तर ती बऱ्याचदा गृहीत धरलेली असते, त्यावर सिद्धान्त रचू नका.

आपत्तीचे इशारे 'सचेत' अॅपवर. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा १०७०, तातडीसाठी ११२. हे नंबर आज कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण फोनची बॅटरी त्याच दिवशी संपते. अँड्रॉइड फोनमध्ये भूकंप इशाऱ्याची सोय २०२३ पासून भारतात आली आहे, सेटिंगमध्ये चालू आहे का बघा. केंद्राच्या अगदी जवळ असाल तर इशारा हलल्यानंतरच येईल, लांब असाल तर काही सेकंद मिळतील.

लोहाऱ्याचा | सकाळी ९:२५

सेलचा रेडिओ पण लिहा. टॉवरची बॅटरी काही तासांत बसते. रेडिओला टॉवर लागत नाही.

फुकटसल्ला | सकाळी ९:३१

घरात रेडिओ आहे. सेल रिमोटमध्ये आहेत. रिमोट सोफ्यात आहे. सोफा कुठे आहे ते बायकोला माहीत.

मीरारोडकर | सकाळी १०:४०

आमच्याकडे पाइपगॅस आहे. सिलिंडर असता तर रेग्युलेटर बंद केला असता. आता काय बंद करायचं?

कॉलमवाला | सकाळी ११:०५

मीटरजवळ एक व्हॉल्व असतो, दांडी पाइपला आडवी केली की बंद. इमारतीचा मुख्य व्हॉल्व खाली असतो, कुठे ते वॉचमनला विचारून ठेवा. वास येत असेल तर दिवा, पंखा, बेल, काहीच चालू-बंद करायचं नाही. खिडक्या उघडा आणि बाहेर. एकदा बंद केलेला मुख्य व्हॉल्व आपण होऊन उघडू नका, गॅस कंपनीच्या माणसाने तपासून उघडायचा.

बँकॉकचा बंड्या | ३० मार्च २०२५, दुपारी १२:१८

धागा वर काढतोय. परवा, २८ तारखेला, म्यानमारला ७.७ चा झाला. केंद्र मंडालेजवळ, आमच्यापासून हजार किलोमीटरच्या आसपास, आणि इकडे बांधकाम चालू असलेली तीस मजल्यांच्या वरची सरकारी इमारत क्षणात खाली. आमच्या टॉवरच्या गच्चीवरच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी रस्त्यावर आलं. जिन्याने उतरून पार्कात बसलो. स्कायट्रेन बंद, रस्ते ठप्प, दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या.

इथल्या सरकारचा एसएमएस इतका उशिरा आला की लोक अजून शिव्या घालताहेत. मधल्या वेळात 'लाइन' या इथल्या चॅट अॅपवर 'चार वाजता पुन्हा येणार' चालूच. मला हा धागा आठवला. वेळ दिलीय म्हणजे खोटं, एवढं मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं, तर एक साहेब म्हणाले, 'पण समजा आलाच तर?'

प्रश्न: आमच्या मजल्यावर जिन्यात भिंतीला फुलीसारखे तडे आहेत. व्यवस्थापन म्हणतंय प्लास्टर आहे, वर या. कॉलमवाला?

कॉलमवाला | दुपारी १:०२

फोटो टाका, शेजारी नाणं धरून. जिना खांबांना जिथे मिळतो तो भागही घ्या. फोटोवरून मी 'राहा' म्हणणार नाही, 'राहू नका' मात्र म्हणू शकतो. पाहणी कोणी केली, त्या अभियंत्याची सही असलेला कागद मागा. तोंडी चालणार नाही.

वसमतकर | दुपारी १:४०

बंड्या, काळजी घ्या. इकडची खबर: पत्र्यावरचे दगड उतरले, हुक लागले. अण्णा पुढच्या खोलीत आले, पण भूकंपामुळे नाही. तिथे कूलर बसवला म्हणून.

फुकटसल्ला | दुपारी १:४३

कूलरला सरकारी योजनेत घाला.

बँकॉकचा बंड्या | दुपारी २:२०

फोटो टाकले. कागद मागितला, 'सोमवारी' म्हणाले. तोवर मित्राकडे तळमजल्यावर.

कॉलमवाला | दुपारी २:३५

तिसरा फोटो बघितला. मित्राकडेच राहा.